जिवाला थारा

आपल्या गावांतून ज्याने जीव दिला त्याची गोष्ट तीन पिढ्या चालते. एखाद्या विहिरीला, एखाद्या वळणाला त्याचे नाव चिकटते आणि तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नये म्हणून मुलांना दटावले जाते. पण त्याच विहिरीवरून जो मागे फिरला, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. तो निमूटपणे घरी येतो, सकाळी उठून कामाला लागतो, पोरे वाढवतो, म्हातारा होतो आणि आपल्या खाटेवर मरतो. त्याला मागे फिरवणारे माणूसही तितकेच अनाम राहते. इतिहासाला मेलेल्यांची सवय. वाचलेल्यांची दप्तरे तो फारशी ठेवीत नाही. तरीही गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत मरणाच्या वाटेवरून माणसे परत आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे काही धागे हाती लागतात. ते जुळवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. उपदेशाने असे माणूस क्वचितच परतले आहे. त्याला आधी जिवाला थारा लागला. नाव-गाव न विचारता आत घेणारे एक दार लागले. उपदेश, औषध, कायदा हे सारे त्या दाराच्या आतले.

या दाराआधी आपल्याकडे होत्या त्या दोन भिंती. एक धर्माची आणि दुसरी कायद्याची. आत्मघातक्याला उदकदान करू नये, त्याचे सुतक धरू नये, अशी वचने स्मृतींत आहेत. पुढच्या निबंधकारांना दया आली म्हणून म्हणा किंवा मागे राहिलेल्यांचे हाल पाहवेनात म्हणून म्हणा, त्यांनी नारायणबलीची पळवाट ठेवली. पण धर्माचा सगळा विचार माणूस मेल्यानंतरचा होता. जिवंत असताना त्याचे काय करावे, हा प्रश्न त्यात नव्हता. इंग्रजी राज्याने १८६० साली भारतीय दंडसंहिता केली, ती १८६२ च्या आरंभापासून लागू झाली. तिच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंतची साधी कैद किंवा दंड सांगितला. मेला तर सुटला. वाचला तर गुन्हेगार ठरला. असल्या कायद्याच्या छायेत शेजारी मदतीला धावण्याआधी तोंड बंद करतो. घरचे लोकही ‘पाय घसरला’ असे सांगून मोकळे होतात.

दंडसंहिता लागू होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच पुण्यात एक प्रकरण घडले. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले, तिला दिवस गेले, आणि लोकलज्जेने वेडीपिशी होऊन तिने जन्मलेले मूल मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा उजळ माथ्याने राहिला. त्या काळी अशा बाईपुढे दोनच वाटा असत, मुलाचा जीव घ्यावा किंवा स्वतःचा द्यावा. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता खरा, पण कायद्याच्या कागदाने कोणाच्या माजघराचे दार उघडत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते या घटनेनंतर.

या गृहाची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिली गोष्ट अशी की, त्याची पत्रके शहरात भिंतींवर लावली होती. संकटात सापडलेल्या बाईला दार शोधीत हिंडावे लागू नये. वेळ येण्याआधीच तिला ते ठाऊक असावे, हा त्यामागचा हिशेब होता. दुसरी गोष्ट, तिथे गुप्ततेची हमी होती. तिसरी गोष्ट, मूल न्यावे की ठेवावे हे तिच्या मर्जीवर सोडले होते. म्हणजे मदतीच्या मोबदल्यात तिच्याकडून पश्चात्ताप मागितला नव्हता. आणि चौथी, सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ही व्यवस्था सरकारी इस्पितळाची नव्हती, ती एका संसाराची होती. बाळंतपण सावित्रीबाई स्वतः पाहत. मलबारींच्या टिपणांवर मत देताना १८८४ साली जोतीरावांनी या गृहाची हकीकत लिहिली. तोवर तेथे पस्तीस विधवा येऊन गेल्या होत्या. पस्तीस हा आकडा शहराच्या मानाने लहान वाटेल. पण त्यातली प्रत्येक बाई आपल्या मनाशी मरणाचा निश्चय करून निघालेली असू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे तो लहान राहत नाही.

१८७४ सालची हकीकत जोतीरावांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. एक गरोदर ब्राह्मण विधवा जीव द्यायला निघालेली त्यांना आढळली. त्यांनी तिची समजूत घातली आणि तिला घरी आणले. तिला मुलगा झाला, त्याचे नाव यशवंत. फुले दांपत्याला मूल नव्हते. त्यांनी त्याला दत्तक घेतले, शिकवले, तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा सावित्रीबाईंनी याच मुलाच्या मदतीने शहराबाहेर माळावर रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका बाईला एका रात्री नदीकडे जाऊ दिले नाही, त्यातून तेवीस वर्षांनी प्लेगच्या माळावर एक डॉक्टर उभा राहिला. जीव वाचवण्याच्या कामाचा जमाखर्च असा लांबच्या पानावर सापडतो.

हे दार पुढे एकटे राहिले नाही. १८७५ साली पंढरपुरात न्यायखात्यातले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले आणि प्रार्थनासमाजाने ते चालवले. यात्रेच्या गर्दीत विधवांना आणून सोडून देण्याचे ते ठिकाण. तेथेच दार हवे होते. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. तिथे शिकलेली देवरुखची गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. कर्वे आमच्याच कोकणपट्टीतले, मुरूडचे. या लग्नापायी त्यांच्यावर गावाने बहिष्कार घातला. त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला. या मंडळींपैकी कोणीही आपण आत्महत्या थांबवीत आहोत असे म्हटले नाही. ते आसरा देत होते, अक्षर शिकवीत होते, हाताला काम देत होते. पण ज्याला खायला आहे, निजायला जागा आहे, उद्या सकाळी करायला काम आहे आणि हाक मारायला माणूस आहे, त्याची विहिरीकडची वाट आपोआप लांबते.

नेमकी हीच गोष्ट विलायतेत दुसऱ्या रीतीने उमगली. चॅड व्हारा नावाच्या एका तरुण पाद्र्याला १९३५ साली एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला होता. ऋतुप्राप्तीलाच ती काही घाणेरडा रोग समजली आणि विचारायला कोणी नसल्यामुळे तिने जीव दिला. ही बोच त्याच्या मनात राहिली. १९५३ साली त्याने लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि मरावेसे वाटणाऱ्यांनी आपल्याशी बोलावे असे जाहीर केले. लोक येऊ लागले. पाद्रीबुवांना वेळ होईपर्यंत त्यांना बसवून ठेवावे म्हणून काही साधी माणसे त्यांना चहा देत, जवळ बसत. थोड्याच दिवसांत असे दिसले की, चहा पिता पिता बोलून झालेले पुष्कळजण पाद्र्याला न भेटताच परत जातात. व्हाराने ओळखले की काम आपल्या विद्वत्तेने होत नसून चहा देणाऱ्यांच्या ऐकण्याने होते. १९५४ साली त्याने ते त्यांच्याच हाती सोपवले. समॅरिटन्स ही संस्था ती हीच. भारतात चेन्नईला १९८६ साली निघालेली ‘स्नेहा’, पुण्यातली ‘कनेक्टिंग’ यांचे कामही याच वळणाचे आहे. माणूस बोलतो आणि दुसरा माणूस मध्ये न बोलता ऐकतो.

प्रेमाची माणसे भोवती असली म्हणजे माणूस एकटा नसतो, असे मात्र समजू नये. साने गुरुजी आमच्या पालगडचे. शिक्षकांच्या तर तीन पिढ्या त्यांच्या नावाने वाढल्या. अस्पृश्यांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ साली पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. महाराष्ट्रातल्या घराघरांतली मुले त्यांना आपले मानीत. ते ११ जून १९५० रोजी आत्महत्येने गेले. आपण त्यांच्या जयंत्या करतो, त्यांच्या आईविषयी बोलतो आणि हे वाक्य गिळून टाकतो. जणू ते उच्चारल्याने त्यांची थोरवी उणी होईल. ती उणी होत नाही. उलट खोल उदासी ही मनाची व्याधी आहे, ती चांगुलपणा पाहून टळत नाही आणि दुर्बळालाच गाठते असेही नाही, हे त्या एका वाक्याने वर्गातल्या मुलाला कळते. सगळ्यांचे अश्रू पुसणाऱ्याला ‘गुरुजी, तुम्ही कसे आहात?’ असे कोणीतरी खुर्ची ओढून, वेळ काढून विचारावे लागते, हेही कळते.

कायद्याची भिंत पडायला मात्र फार वेळ लागला. मुंबई पोलिसांतला एक शिपाई अपघातात डोक्याला मार लागल्यापासून मनाने खचला होता. १९८५ साली त्याने महापालिकेच्या कचेरीबाहेर स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. तो वाचला आणि कलम ३०९ खाली खटला उभा राहिला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला उपचार हवेत, कोठडी नको, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला, पण १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने कलम पुन्हा वैध ठरवले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे सांगितले की, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीत ३०९ वे कलम राहिले नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी किंवा अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. गावांत अजून ‘पोलीस केस होईल’ या भीतीने माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करतात. त्यांना हे सांगितले पाहिजे की, संकटात जीव द्यायला निघालेला माणूस आता कायद्याच्या लेखी रुग्ण आहे.

भिंत पडली, तरी दार आपोआप उभे राहत नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा आहे. देशभरात विद्यार्थी होते १३,०४४. एवढ्या मोठ्या देशात मनाच्या आजाराचे डॉक्टर थोडे, आणि जे आहेत ते शहरांत. मग करावे काय? याचे उत्तर आमच्या शेजारच्या गोव्यात शोधले गेले. १९९६ साली तिथे ‘संगाथ’ ही संस्था निघाली. तिने डॉक्टर नसलेल्या, त्याच मुलखातल्या, तीच बोली बोलणाऱ्या माणसांना शिकवून तयार केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत खोल उदासीने ग्रासलेल्यांशी सहा ते आठ बैठकांत बोलायला बसवले. नेहमीच्या उपचाराला अशा बैठकांची जोड दिली तर माणूस अधिक सावरतो, हे नीट तपासून सिद्ध झाले. तीच रीत अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत नेली. पूर्वी उदासीने ग्रासलेल्या शंभरांतले चारजण मदत मागत; दीड वर्षाने सत्तावीस मागू लागले. मनात मरणाचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याने उतरले. सावित्रीबाईंच्या ओसरीवर जे चालले होते त्याची ही शास्त्रीय मोजदाद म्हणावी.

आता आमच्या देवगडकडे वळू. आमच्याकडे अशा आधाराची परंपराच नाही असे कोणी म्हणू नये. देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा मानकरी एकेका घराचे दुःख देवापुढे मोठ्याने मांडतो आणि जमलेले लोक एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देव ऐकतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. गाव ऐकतो हे तर निश्चित. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या. एकेका खोलीत पाळीपाळीने पंचवीस-तीस माणसे निजत. तिथे हाल होते, पण कोणी दोन दिवस जेवला नाही तर ते तिसऱ्या दिवशी गावाला कळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू बंद झाले आणि या खोल्याही ओसरल्या. संपातून मोडून आलेला माणूस आपापल्या वाडीत एकटा बसला.

पण या परंपरेची एक उणीव उघड सांगितली पाहिजे. गाऱ्हाण्यात गुरे हरवल्याचे, पीक बुडाल्याचे, मूल नसल्याचे दुःख सांगता येते. पोटच्या पोराला मरावेसे वाटते, हे सांगता येत नाही. लेकीला सासरी मारतात, मुलाचे दारूने डोके फिरले आहे, कर्जाचा हप्ता चुकला आहे, ही दुःखे वाडीला आधीच ठाऊक असतात, आणि ठाऊक असतात म्हणूनच ती बोलता येत नाहीत. १८६३ च्या दाराला जी गुप्तता होती ती आमच्या ओसरीला नाही. त्यात रत्नागिरीचे मनोरुग्णालय! ब्रिटिश अमदानीपासून ते कोकणचा आधार आहे. पण आमच्या बोलण्यात ‘याला रत्नागिरीला पोचवा’ ही शिवी झाली. ज्या गावाच्या नावाने शिवी देतो त्या गावाला औषधासाठी जायला कोण धजेल?

देवगडचा एकलेपणा आता वेगळ्या घरांत राहतो. मुलगे मुंबईला, सुना मुंबईला, आणि चौसोपी घरात दोन म्हातारी माणसे. त्यांतले एक गेले की उरलेले दिवा लावून बसते. पावसाळा लांबला, थंडी आली नाही, तुडतुड्यांनी मोहोर खाल्ला की बागायतदाराचे वर्ष बुडते, आणि फवारणीच्या औषधांची उधारी तशीच राहते. ती औषधे पडवीत उघड्यावर पडलेली असतात. इथे श्रीलंकेचा दाखला आठवावा. त्या देशाने सर्वांत विषारी कीटकनाशके एकेक करून बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक उतरले. शेती बुडाली नाही. मरणाची ओढ समुद्राच्या उधाणासारखी असते. चढते तशी उतरते. चढलेल्या त्या घटकेला हाताशी साधन नसले आणि जवळ माणूस असले, तर पुष्कळजण वाचतात, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. म्हणून औषधाच्या पेटीला कुलूप आणि किल्ली शेजाऱ्याकडे, ही साधी गोष्ट दहा व्याख्यानांहून मोठी आहे.

दुसरी साधी गोष्ट म्हणजे विचारणे. ‘तुला जगणे नकोसे झाले आहे का?’ असे विचारल्याने नसती कल्पना डोक्यात शिरेल, अशी समजूत आहे. अभ्यासकांना तसे आढळले नाही. विचारल्याने बहुधा ओझे उतरते. मात्र विचारल्यावर ऐकायची तयारी हवी. ‘अरे, तुला काय कमी आहे’, ‘आईबापांचा विचार कर’, ही वाक्ये तेवढा वेळ गिळावीत. एकटे सोडू नये; बोलणे संपल्यावर देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात बरोबर जावे. ज्याला गावातल्या कोणाशीच बोलवत नाही, त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा ‘टेलि-मानस’ फोन आहे. क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. वाडीच्या कानापासून दूर असलेले हे एक दार आहे.

आणि ज्या घरात माणूस गेले, त्या घराकडे पाठ फिरवू नये. तिथले लोक दुःखाबरोबर लाजही वाहतात, आणि पुढचा धोकाही त्यांच्यातच असतो. इतर मरणाला आपण जसे दुखवट्याला जातो, पिठले-भात पोचवतो, तसे तिथेही जावे. कारणे विचारू नयेत. जुन्या वचनांनी ज्यांचे सुतक नाकारले त्यांचे सुतक गावाने धरावे.

जोतीरावांनी आपली पत्रके भिंतींवर लावली होती, कारण दार कुठे आहे हे वेळ येण्याआधी ठाऊक असावे लागते. आमच्या शाळेच्या फाटकाशेजारी, रेशनच्या दुकानाजवळ, बंदरावरच्या मासळीच्या लिलावापाशी, कुणकेश्वराच्या जत्रेच्या वाटेवर आणि औषधांच्या दुकानात १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवायला एका डब्याचा रंग पुरेल. त्याखाली प्रत्येक वाडीने आपल्यातल्या अशा दोन माणसांची नावे लिहावीत, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते आणि ज्यांच्या घरी अवेळी कडी वाजवता येते. दहावी-बारावीचा निकाल लागण्याआधी हे काम उरकावे.